चालू मशीनवर

लाटणं जवळजवळ झालं होतं. दोन्ही टोकांच्या मुठी उतरल्या होत्या, मधला फुगवटा तळहाताला गार आणि सरळ लागत होता, आणि विरुपाक्ष आता पॉलिश पेपरचा शेवटचा हात तेवढा देत होता. सागवानी फळीवर पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळून बसवलेलं हँड ड्रिल आपल्या चिरक्या सुरात फिरत होतं, शिसवीचा तांबूस भुगा मनगटावरच्या घामात बसत होता, आणि बाहेर गल्लीत टँकर आल्याची एकच हाकाटी उठली होती. त्या हाकाटीकडे त्याचा अर्धा कान गेला असेल-नसेल, तेवढ्यात कागद फिरत्या लाकडाला चिकटला, तर्जनीभोवतीचा त्याचा वेढा आवळला आणि बोट लाकूड आणि लोखंडी अँगलमधल्या फटीत ओढलं गेलं. ड्रिल कण्हलं आणि जागीच अडलं. डाव्या हातानं त्यानं बटण बंद केलं, लाटणं उलटं फिरवून बोट सोडवलं. नख अर्धं उचकटलं होतं, त्याच्या मुळाशी रक्ताची एक लाल रेघ हळूहळू जाड होत होती. झालं होतं ते एवढंच. शेजारच्या केसरबाईच्या लाटण्यासाठी गेलं तर एक नख गेलं असतं. पण विरुपाक्ष खाली बसला तो भिंतीला पाठ लावून बसूनच राहिला, आणि बोटाकडे न बघता त्या कागदाकडे बघत राहिला. कागद अजून बोटाला गुंडाळलेलाच होता. तो त्यानं स्वतः गुंडाळला होता. कधी गुंडाळला, हे त्याला आठवत नव्हतं.

गंगासागर दोन घागरी भरून आत आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. तिनं घागरी ठेवल्या, बोट बघितलं, आतून हळद आणली आणि जुन्या धोतराची चिंधी फाडली. "कारखान्यात लोखंड कापलं जन्मभर, तवा एक ओरखडा न्हाई," ती चिंधी बांधता बांधता म्हणाली, "आन् आता लाटण्यानं बोट खाल्लं. आन् एवढं पांढरं कावून पडलात? नखच तर हाय, येईल परत." "येईल," तो म्हणाला. हळद झोंबत होती. नख परत येतं, असं म्हणून त्यानं डोळे मिटले, आणि मिटल्याबरोबर त्याला दुसरा एक हात दिसला, ज्याची दोन बोटं परत आली नव्हती.

एकसष्टाव्या वर्षी माणसाला भीती वाटावी असं त्याच्या आयुष्यात आता फारसं उरलं नव्हतं. कारखाना बंद पडून चार वर्षं झाली होती. शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा राहिलेला सहकारी कारखाना, ज्याच्या भोंग्यावर दहा गावांनी घड्याळं लावली, तो पावसानं पाठ फिरवली तसा आधी दोन महिनेच चालला, मग एक महिना, मग बॉयलर पेटलाच नाही. धरणाच्या तळाला भेगा पडल्यावर ऊस कुठून येणार? मशिनरी विकली गेली त्या दिवशी विरुपाक्ष मुद्दाम गेला होता. आठ फुटांचं लेथ, ज्याच्यापुढं तो छत्तीस वर्षं उभा राहिला, त्याला साखळदंड बांधून क्रेननं उचललं, तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन चौकोनी, काळी आणि तेलकट दिसली; तेवढ्या जागेत कधी ऊन पडलं नव्हतं. मग बीडला या दोन खोल्यांत येऊन तो आठ महिने नुसता बसला. जेवताना हात थरथरायचे. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वय. पण त्याला माहीत होतं, हातांना काम नव्हतं म्हणून ते थरथरत होते. एक दिवस पडक्या दाराची सागवानी फळी त्यानं उचलून आणली, तिच्या एका टोकाला ड्रिल बसवलं, दुसऱ्या टोकाला अँगलमधून टोकदार बोल्ट काढला, दोघांच्या मधे लाकूड धरलं, आणि जुन्या कानशी घासून पटाश्या केल्या. पहिल्यांदा लाकूड फिरलं आणि पटाशीच्या धारेवरून पहिली साल उडाली तेव्हा गंगासागर हसली होती: "खेळणं केलंत होय!" खेळणंच होतं ते. पण त्या दिवसापासून हात थरथरायचे थांबले. लाटणी, पाळण्याच्या चिमण्या, बाजेचे पाय, ताकाच्या रव्या. लाकडाला लोखंडासारखी किंकाळी नसते, ते गुणगुणतं, आणि त्या गुणगुणीत बाकी काही ऐकू येत नाही, म्हणून तर ते त्याला आवडत होतं. आज पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की गेली तीन-साडेतीन वर्षं आपण काहीतरी ऐकू येऊ नये म्हणूनच हे चालवत होतो.

उत्तरेश्वर कारखान्याच्या वर्कशॉपात आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, लेथवर दुसरा टर्नर म्हणून. युसूफ वडगावचा, सावळा, अंगानं किरकोळ, बोलायला कमी. आयटीआयची पोरं येत, पुस्तकातलं सांगत आणि टूल मोडत. हा तसा नव्हता. हा ऐकायचा. लेथ चालू करून डोळे किंचित बारीक करायचा आणि लोखंड कापणाऱ्या कातीच्या आवाजावरून सांगायचा, अप्पा, धार गेली. अप्पा, जॉब केसभर वाकडा हाय. विरुपाक्षला तेवढंच समजायला दहा वर्षं लागली होती. "शिकवलं कुणी रे तुला?" त्यानं एकदा विचारलं होतं. "तुमीच की," उत्तरेश्वर म्हणाला. ते खरं नव्हतं. असलं काही शिकवता येत नाही, आणि विरुपाक्षला ते तेव्हाच कळलं होतं. लोक त्याला देवमाणूस म्हणत. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, तोंडात कधी शिवी नाही. त्या देवमाणसाला संध्याकाळी सायकलवरून क्वार्टरकडे जाताना वाटायचं, दोन-चार वर्षांत अवघड जॉब आला की साहेब याला हाक मारतील. मला नाही. हे वाटणं तो घरी पोचेपर्यंत पुसून टाकायचा. अंगावर भुगा असला की आंघोळ करून घरात जावं, तसं.

मग ती दुपार आली. ऐन गाळपाचा हंगाम, फाट्यापर्यंत बैलगाड्यांची रांग, आणि रसाच्या पंपाचा शाफ्ट गेला. नवा कातला, पण बेअरिंग बसेना, केसभर जाड. गाळप थांबलेलं. साहेब येऊन दारात घड्याळ बघत उभे. शाफ्ट उत्तरेश्वरच्या मशीनवर होता. काती लावायची तर जॉब पुन्हा सेट करायला अर्धा तास, पॉलिश पेपरनं घासायचा तर पाच मिनिटं. उत्तरेश्वरनं कागद दोन्ही टोकांनी धरला होता, जसा धरायचा असतो, जसा विरुपाक्षनंच सगळ्यांना पढवला होता: बोटाला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. पण तसा दाब येत नव्हता. साहेबांनी पुन्हा घड्याळ बघितलं. आणि विरुपाक्ष, जो कधी आवाज चढवत नसे, त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "बोटाला गुंडाळ आन् दाब. मशीन बंद करू नको." उत्तरेश्वरनं एकदा त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात प्रश्न होता का? विरुपाक्षनं ते बघणं अठरा वर्षांत इतक्या वेळा उलगडून पाहिलं होतं की आता त्यात काय होतं आणि काय आपण घातलं, हे त्याला सांगता आलं नसतं. मग शाफ्टनं कागद घेतला. आवाज फार लहान झाला, ओला ऊस मोडल्यासारखा. ते मशीन अडलं नाही. ते कशालाच अडत नसे.

चौकशी ऑफिसात झाली. पंखा होता, टेबलावर काच होती आणि काचेखाली संचालकांचा फोटो. "त्याला असं करायला कुणी सांगितलं होतं का?" विचारणारा माणूस परका होता, पेन उघडून बसला होता. दाराबाहेरच्या बाकावर उत्तरेश्वर बसला होता, हाताला पांढरं मोठं गाठोडं, दार उघडंच. विरुपाक्ष म्हणाला, "मी सांगितलं नव्हतं." तीन शब्द. कागदावर लिहिलं गेलं: स्वतःची हयगय. बाहेर येताना त्याला बाकापुढूनच जावं लागलं. उत्तरेश्वरनं पाय मागे घेतले, अप्पांना जायला वाट व्हावी म्हणून. महिनाभर त्याला गेटवर बसवला, मग तो यायचा बंद झाला. पुढच्या दिवाळीनंतर कुणीतरी म्हणालं, बायकोला घेऊन कोयत्यावर गेला, ऊसतोडीला, सांगलीकडं. तीन बोटांनी कोयता कसा धरत असेल, असा विचार विरुपाक्षच्या मनात एकदा आला, आणि त्यानं तो पुसला. एकदा कपिलधारच्या यात्रेत गर्दीत तो दिसला होता. खांद्यावर लहान मूल, बरोबर बायको. विरुपाक्ष प्रसादाच्या दुकानामागं जाऊन उभा राहिला, ते पुढं जाईस्तोवर. त्या दिवशी त्यानं दर्शन घेतलं ते हात न जोडता.

नख तिसऱ्या दिवशी काळं झालं. लाटणं तसंच अडकून होतं, केसरबाई दोनदा विचारून गेली. विरुपाक्ष मशीनसमोर जाई, बटणावर हात ठेवी आणि परत येई. भीती बोटाची नव्हती. आपल्या हातानं आपल्याला न विचारता कागद गुंडाळला होता. म्हणजे जे त्या दुपारी तोंडातून गेलं ते घाईत गेलं नव्हतं. ते कुठंतरी आत तयार होतं, आणि अजून तिथंच होतं. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं गंगासागरला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. शेवटी ती पदराचा शेव हातात घेऊन म्हणाली, "मंग मला कशाला सांगता? ज्याला सांगायचं त्याचं गाव किती लांब हाय?"

युसूफ वडगावला बस थांबली तेव्हा अकराचं ऊन डोक्यावर होतं. उत्तरेश्वर गावात नव्हता. बैल घेऊन छावणीत होता. चाऱ्याची छावणी माळावर होती, उसाच्या पाचटाची आणि हिरव्या जाळीची शेकडो खोपटं, प्रत्येकाच्या सावलीत दोन-दोन जनावरं आणि जनावरांच्या सावलीत माणसं. दोन पांढऱ्या बैलांपुढं एक माणूस उसाचं वाढं, वरचा हिरवा शेंडा, मोडून टाकत होता. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं, पण मोडणं इतकं सहज की आधी काही उणं दिसलंच नाही. त्यानं वर बघितलं.

"अप्पा?" उत्तरेश्वरनं हात पँटला पुसले. "अप्पाच की! मनकर्णा, पाणी आण. कारखान्याचे अप्पा आलेत."

मनकर्णा तांब्या घेऊन आली. उंच, उन्हानं करपलेली, हातांना कोयत्याचे घट्टे. विरुपाक्ष पाणी प्याला. बोलायचं ठरवून आलेलं सगळं पाण्याबरोबर खाली गेलं.

"बोटाला काय झालं?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"कागद गुंडाळला होता."

उत्तरेश्वरच्या हातातलं वाढं थांबलं. "चालू मशीनवर?"

"चालू मशीनवर."

बैलानं मान पुढं करून त्याच्या हातातलं वाढं ओढून घेतलं. विरुपाक्ष म्हणाला, "उत्तरेश्वर, त्या दिवशी मीच तुला म्हणलो होतो, गुंडाळ म्हणून. ऑफिसात न्हाई म्हणलो. खोटं बोललो मी."

"मला म्हाईत हाय की," उत्तरेश्वर शांतपणे म्हणाला. "मी तिथंच व्हतो. एवढंच सांगाया एवढ्या उन्हात आलात?"

पण मनकर्णानं तांब्या खाली ठेवला होता. "काय म्हणलात? परत म्हणा."

विरुपाक्षनं परत म्हटलं. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं नाही, जास्त जड गेलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. नवऱ्याकडे बघत होती. "तुमी मला कावून बोलला न्हाईत?"

"बोलून काय, बोटं आली असती?"

"बोटं गेली चुलीत!" तिचा आवाज चिरला. शेजारच्या खोपटातलं एक डोकं वळलं. "मी तुमाला येंधळं म्हणलं. लोकांपुढं म्हणलं. मोळी सुटली, येंधळं. खुरपं हरवलं, येंधळं. पोराच्या हातून वाटी फुटली तर म्हणलं, बापावर गेलंय. अठरा वर्सं, अन् तुमी ऐकून घेतलं!"

"कुणाला खरं वाटलं असतं?" उत्तरेश्वर वाढ्यांच्या ढिगाकडे वळला. "अप्पांसारखा माणूस एकीकडं. लिहून ठिवलेलं व्हतं. पुढं पुढं मलाबी वाटाया लागलं, असंल आपलीच हयगय."

हे ऐकून विरुपाक्षला वाटलं, आपण उघड्या उन्हात बसलो आहोत आणि अंगावर सावलीच नाही. हयगय हा शब्द त्यानं लिहिला नव्हता, पण तो या माणसाच्या घरात अठरा वर्षं राहिला होता, त्याच्या ताटाशी बसला होता. बोटांचा हिशोब त्यानं मनात कितीदा केला होता. याचा कधीच केला नव्हता.

"खरं सांगा," मनकर्णा आता त्याच्याकडे वळली, "ह्यांला काम येत व्हतं का?"

"माझ्यापेक्षा चांगलं येत होतं," विरुपाक्ष म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याला कळलं की तो एवढा लांब आला तो याच वाक्यासाठी, आधीचं सगळं नुसती वाट होती. "मला ते सहन व्हत नव्हतं. त्या दिवशी मी मुद्दाम केलं न्हाई, उत्तरेश्वर, देवाशपथ. पण तू गेल्यावर... एक दिवस का असंना, मला बरं वाटलं होतं."

उत्तरेश्वर पहिल्यांदाच दचकल्यासारखा दिसला. तो हळूच वळला, बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "हे मला म्हाईत नव्हतं," तो म्हणाला. "तुमाला? माझं काम?" त्याच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, ते विरुपाक्षला वाचता आलं नाही; पण तो चेहरा एकाएकी सव्वीस वर्षांचा झाला होता.

"अप्पा," मनकर्णा म्हणाली, "आमी जे दिवस काढले त्याचं तुमी काय करणार हाय?"

"काही करता येणार न्हाई, बाई."

"न्हाईच येणार." तिनं तांब्या उचलला. "तुमचं बोट कापलं ते मशीन कुठं हाय?"

"घरी. बीडला. लाकडाचं हाय, ड्रिलवर केलेलं. खेळणंच."

"मला बघायचंय. ह्यांला त्याच्यावर काम करताना बघायचंय."

"मनकर्णा, काय येड्यागत करतीस," उत्तरेश्वर म्हणाला. "अठरा वर्सांत मशीनला हात न्हाई. आता काय गरज हाय त्याची?"

"तुमाला न्हाई," ती म्हणाली. "मला हाय."

ते रविवारी आले, बैल शेजारच्याच्या दावणीला लावून. गंगासागरनं मनकर्णाला आत नेलं नाही, दोघींना ओसरीतच चटई टाकली; तिला समजलं होतं की ही बाई जेवायला आलेली नाही. विरुपाक्षनं बाभळीचा एक दांडा फळीजवळ ठेवला होता. उत्तरेश्वर मशीनभोवती एक फेरी मारून आला. ड्रिलच्या पट्ट्या हलवून बघितल्या. मग वाकून टोकदार बोल्टाकडे एक डोळा मिटून बघितलं. "वाकडं हाय, अप्पा. केसभर." त्यानं काड्यापेटीचा खोका फाडून एक तुकडा अँगलखाली सारला, पुन्हा डोळा मिटला, दांडा लावला आणि हातानं फिरवून बघितला.

विरुपाक्ष पलीकडे, अगदी समोर उभा होता. उत्तरेश्वरनं पटाशी डाव्या हातात घेतली, उजवा हात अँगलवर ठेवला, अंगठा आणि दोन बोटं धारेच्या मागं. बटण दाबलं. पटाशी लाकडाला लागली, उसळली, आणि खणकन बाजूला गेली. विरुपाक्षच्या जिभेवर आलं, जरा वर धर. ते त्यानं जिभेवरच ठेवलं. उत्तरेश्वरनं दुसऱ्यांदा लावली, पुन्हा उसळली, दांड्यावर एक वेडावाकडा घाव पडला. त्यानं पटाशी मागे घेतली आणि नुसता उभा राहिला. ड्रिल फिरत होतं, दांडा फिरत होता. त्याचे डोळे किंचित बारीक झाले. तो ऐकत होता. किती वेळ ऐकत होता कुणास ठाऊक. विरुपाक्षला फक्त त्याच्या गळ्याची शीर दिसत होती. मग पटाशीची धार लाकडावर आली ती टेकल्यासारखी आली नाही, ती आधीपासून तिथंच असावी तशी आली, आणि ड्रिलच्या चिरक्या आवाजाखाली दुसरा, खालचा, एकसारखा आवाज सुरू झाला. बाभळीची साल सुटली, मग आतलं पिवळसर लाकूड. एक लांब, पातळ, न तुटणारी छिलपट पटाशीवरून निघाली आणि त्याच्या मनगटावरून, त्या तीन बोटांवरून ओघळत खाली आली. विरुपाक्षनं आयुष्यात अशी छिलपट काढली नव्हती. हेवा आला. अगदी तोच, ओळखीचा. या वेळी त्यानं तो पुसला नाही, आला तसा येऊ दिला, आणि तो बघत राहिला.

"अप्पा," मागून मनकर्णा म्हणाली, "बाजूला व्हा जरा. मला दिसंना."

विरुपाक्ष बाजूला झाला.